बाबांच्या गुडघ्यांनी मुन्नार

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनची रेंज गेली आणि बाबांचा प्रश्न अर्धवट राहिला, "पण मुन्नारला चढ किती आहे?" त्याचं उत्तर पाठ करून द्यायचं नव्हतं, म्हणून आज दिवसभर मी तुमच्या गुडघ्यांनी चालले, बाबा. हातात काठी, दर पन्नास पावलांवर थांबणं. गाइडला वाटलं मलाच दम लागतोय. बिचारा सारखा पाणी पुढे करत होता.

आधी आईसाठी. कोचीहून मुन्नार साधारण १३० किलोमीटर आहे, पण चार तास तरी धर. नेरियमंगलम सोडलं की घाट सुरू होतो आणि तो संपता संपत नाही. तुला गाडी लागणार, म्हणून पुढची सीट तुझी. वाटेत चीयप्पारा धबधब्याशी उतरून पाय मोकळे करायचे.

फोटोत हे चहाचे मळे हिरवी गादी अंथरल्यासारखे दिसतात. मी एका झुडपाखाली वाकून बघितलं. वर कमरेइतकी उंची आणि खाली माझ्या मांडीएवढा बुंधा, गाठीगाठींचा, शेवाळलेला. अगं, चहा म्हणजे झाड आहे! मोकळं सोडलं तर घराच्या वर जाईल. खुडणाऱ्यांचा हात पोचावा म्हणून दर काही वर्षांनी छाटून त्याला बुटकं ठेवतात. मधेमधे सावलीला सिल्व्हर ओक उभे असतात.

खुडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ बोलणाऱ्या. 'दोन पानं आणि एक कळी' हे आपण ऐकून असतो, पण मी पाहिल्या त्यांच्या हातात मोठ्या कात्र्या होत्या, पात्याला खोकं जोडलेल्या. कचकच कापायचं, खोकं भरलं की मनगटाच्या एका झटक्यात पाला पाठीवरच्या पोत्यात. एकीनं हसत कात्री माझ्या हातात दिली. पाच मिनिटांत खांदा भरून आला. त्या हे दिवसभर करतात, तेही उतारावर उभं राहून. २०१५ साली इथल्याच बायकांनी पुढाऱ्यांना लांब ठेवून बोनससाठी संप केला होता आणि मुन्नारचा रस्ता अडवला होता. कात्री धरल्यावर ते जास्त कळलं. आणि एक किलो चहा व्हायला चार-साडेचार किलो ओला पाला लागतो, बरं का. गाळणीतला चोथा फेकताना तुझी आठवण काढीन.

आता बाबा, चढ. मळ्यातल्या पायवाटा तुमच्यासाठी नाहीत, स्पष्टच सांगते. एका माणसापुरती वाट, ओली घसरडी माती, धरायला काही नाही. वर जळवा. माझ्या मोज्यात एक शिरली होती. दुखलं काहीच नाही, हॉटेलवर आल्यावर रक्त बघूनच घाबरले. शिवाय मळे खासगी, विचारल्याशिवाय आत शिरता येत नाही.

पण एरविकुलम राष्ट्रीय उद्यान जमेल. फाटकापासून राजमलापर्यंत त्यांची बस नेते, पुढे पक्का रस्ता, चढ अंगावर येत नाही. मी अकरा वेळा थांबले, म्हणजे तुम्ही पंधरा धरा. नीलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्या रस्त्याच्या कडेला चरत असतात, आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आभाळ मोकळं असलं तर अनमुडी दिसतो, २,६९५ मीटर, हिमालय सोडला तर दक्षिणेला याहून उंच शिखर नाही. मला दिसला तो ढगच.

टॉप स्टेशनला मात्र तुम्हाला न्यायचंच. तिथं ना प्लॅटफॉर्म ना रूळ, नाव तेवढं स्टेशन! इंग्रजांच्या काळात मुन्नारहून कुंडला खोऱ्यातून छोटी रेल्वे चहाच्या पेट्या इथवर आणायची आणि इथून रोपवेनं त्या खाली कोट्टागुडीला उतरायच्या. १९२४च्या पुरात ती रेल्वे वाहून गेली, ती पुन्हा झालीच नाही. छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसानं त्या कड्यावर उभं राहून इथं रूळ कसे टाकले असतील यावर मला तासभर ऐकवावं, अशी माझी फार इच्छा आहे. खरंच.

नीलकुरिंजी २०१८ला फुलली होती, बारा वर्षांनी फुलते, म्हणजे आता २०३०. आई, तू लगेच म्हणशील, "तोवर कोण राहतंय." ते वाक्य फोनवर ऐकायला लागू नये म्हणून पत्रात लिहिते आहे. आपण फुलांसाठी थांबत नाही आहोत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरची पिल्लं होतात, तेव्हा उद्यान बहुधा बंद ठेवतात. डिसेंबर-जानेवारीची थंडी बाबांच्या सांध्यांना नको. तर एप्रिलचा दुसरा आठवडा. मी रजेचा अर्ज टाकून ठेवलाय. बाबा, गुडघ्याचा पट्टा कपाटात वरच्या खणात आहे, तो आधी धुऊन ठेवा.

तुमची,
धाकटी