काका, तुम्ही मॉनिटरकडे पाठ केलीत

काका,

अमिरातीतल्या अल् ऐनच्या नेमबाजी स्पर्धेहून परत येऊन तीन आठवडे झाले. आभार मानायचे म्हणून तुम्हाला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही आधी "जेवलीस का?" असं विचारलंत आणि पुढचं माझ्या तोंडून निघालंच नाही. म्हणून लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत हे तुम्ही स्वतः कुणालाही सांगणार नाही, याची मला खात्री आहे.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. पॅरा नेमबाजीत आमचे गट असतात. ज्यांना बंदुकीचं वजन स्वतःच्या हातांवर पेलता येतं ते एसएच-1. माझ्यासारखे, ज्यांचे हातच तेवढं वजन घेत नाहीत, ते एसएच-2. आमची रायफल एका स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवलेली असते. मानेच्या मणक्याला मार लागल्यापासून माझ्या उजव्या हाताची तर्जनी तेवढी माझं नीट ऐकते. नेम धरणं, श्वास सांभाळणं, ट्रिगर दाबणं हे सगळं माझं. पण साडेचार मिलिमीटरचा छर्रा चिमटीत धरून रायफलमध्ये ठेवणं मला जमत नाही. त्यासाठी शेजारी एक माणूस बसतो, त्याला लोडर म्हणतात. मॅच चालू असताना त्याने मला काही सुचवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. खटका उघडायचा, छर्रा ठेवायचा, खटका बंद करायचा. असं 60 वेळा, शिवाय सुरुवातीचे सरावाचे शॉट वेगळे.

माझा लोडर म्हणजे माझा धाकटा भाऊ. चार वर्षं तोच बसतो आहे. निघायच्या आठ दिवस आधी आम्हाला सांगण्यात आलं की त्याचं तिकीट मंजूर झालेलं नाही. कारण काय, तर "तो काही खेळाडू नाही." मी म्हटलं, त्याच्याशिवाय माझी रायफल भरणार कोण? उत्तर आलं, "तिथे गेल्यावर कुणालातरी बसवू." कुणालातरी! चार वर्षांत आम्ही दोघांनी एक लय बसवली होती. माझा श्वास खाली आला की त्याचा हात पुढे येणार. ती लय त्यांच्या लेखी 'कुणीतरी' होती. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो, आणि तो मणक्यामुळे नाही.

2022 साली फ्रान्सच्या शातोरूला विश्वचषकासाठी जाताना पॅरा नेमबाज अवनी लेखराच्या सोबतच्या माणसांचे व्हिसा अडकले, तेव्हा तिला जाहीरपणे साकडं घालावं लागलं होतं. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये 249.6 गुण करून सुवर्णपदक आणलेली मुलगी ती! पुढे त्याच शातोरूत तिने 250.6 चा विश्वविक्रम केला. तिला एवढं ओरडावं लागत असेल, तर माझ्यासारखीचा आवाज कुठवर जाणार? सोबतचा माणूस म्हणजे आमच्या शरीराचाच एक भाग आहे. तो विमानाबाहेर ठेवला तर आमचं अर्धंच माणूस मैदानात उतरतं, हे टेबलापलीकडे बसलेल्यांना कधी कळणार?

तर अल् ऐनला, माझ्या मॅचच्या आदल्या रात्री, हॉटेलच्या जेवणघरात मी ताटापुढे नुसती बसले होते. कोच लोडरसाठी तीन ठिकाणी विचारून आले होते, कुणी मिळालं नव्हतं. तुमची लेक, म्हणजे माझी ताई, पिस्तूलवाली. तिची मॅच त्याच दिवशी झाली होती आणि ती अंतिम फेरीपर्यंत पोचली नव्हती. तुम्ही तिचे सोबती म्हणून आलेले. तुमच्याही घशाखाली त्या दिवशी घास उतरत नव्हता, हे मला दिसत होतं. तरी तुम्ही उठून माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात, "मी बसू का? फक्त काय करायचं नाही, तेवढं आधी सांग, पोरी."

काय करायचं ते सांगणारे मला खूप भेटलेत. काय करायचं नाही ते विचारणारे तुम्ही पहिले.

मग खोलीत टॉवेल पसरून त्यावर छर्रे मांडून तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत सराव केलात. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतात तुम्ही. घाटात गाडी वळत असताना एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजणारी ती बोटं. पहिले दहा-बारा छर्रे तुमच्या हातून पडले, मग एकही पडला नाही. छर्रा उलटा गेला तर काय होतं, हे तुम्ही तीन वेळा विचारलंत. माझा श्वास कुठे थांबतो ते बघता यावं म्हणून मला जॅकेट घालायला लावलंत. उभं राहून राहून गुडघे गेलेत तुमचे, आणि लोडरचं ते स्टूल केवढं बुटकं! त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्या समोर एक छोटा मॉनिटर असतो. प्रत्येक शॉट कुठे लागला आणि किती गुण मिळाले, ते त्यावर लगेच दिसतं. दहा मीटरवर जे दहाचं वर्तुळ असतं, ते अर्धा मिलिमीटरचा ठिपका असतं. त्यातही दशांश मोजतात, जास्तीत जास्त 10.9. केसभर हललं की 9.8. लोडर माझ्या इतक्या जवळ बसतो की त्याचा चेहरा मला टाळता येत नाही. भाऊ नसताना एकदा इथल्याच एका स्पर्धेत मला दुसरा माणूस दिला होता. माणूस वाईट नव्हता. पण माझा 9.3 गेला आणि त्याच्या तोंडून बारीकसं "अरेरे" निघालं. पुढचे आठ शॉट मी त्या 'अरेरे'लाच मारत होते. 10.6 आला की तो खूश व्हायचा, आणि मी त्याला खूश करण्यासाठी खेळायला लागायची. ती मॅच तिथेच गेली.

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? मदत करायला आलेल्या माणसाला 'चेहरा झाका' असं कसं म्हणायचं?

सकाळी रेंजवर तुम्ही स्टूल उचललंत, माझ्या रायफलीपाशी ठेवलंत, आणि मग ते फिरवलंत. मॉनिटरकडे पाठ येईल असं. तुमच्या समोर फक्त माझा खटका आणि तुमचा तळहात. पंचांनी एकदा निरखून पाहिलं, सगळं नियमात होतं, ते पुढे गेले. मॅच सुरू झाली. पहिला शॉट 10.4. मी नकळत तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तळहातावरचा पुढचा छर्रा बघत होतात. सातवा 9.7. पुन्हा पाहिलं. तुम्ही छर्रा बघत होतात. त्यानंतर मी पाहिलंच नाही.

काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही मला काय दिलंत? अपघातानंतर अकरा वर्षांत मी एकही गोष्ट कुणाच्या नजरेशिवाय केलेली नाही. खाताना, कपडे बदलताना, खुर्चीत बसताना, पत्रावर सही करतानासुद्धा कुणीतरी बघत असतं, आणि त्या बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं. काळजी, कौतुक, कीव, घाई. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याजवळ एक माणूस होता, पूर्णपणे माझ्या मदतीला होता, आणि तरी मी एकटी होते. माझी चूक माझी होती आणि माझा दहाही माझा होता.

मध्येच मानेवर गार नॅपकिन आला. मानेखाली मला घाम येत नाही, त्यामुळे त्या जाड जॅकेटमध्ये अंग तापत राहतं. हे रात्री मी एकदाच, बोलता बोलता म्हटलं होतं. तुम्ही लक्षात ठेवलंत.

साठावा शॉट झाल्यावर तुम्ही म्हणालात, "साठ भरले. डब्यात तेवढेच कमी आहेत." गुण किती झाले, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीच सांगितलं. आजवरची माझी सर्वांत चांगली बेरीज होती ती. पहिल्या आठात आले नाही, पण मला त्याचं दुःख नाही. टोकियोत 30 ऑगस्ट 2021 ला, अवनीच्या सुवर्णाच्याच दिवशी, कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर 203.9 गुणांवर चौथे आले होते. आपल्याकडे किती जणांना ते आठवतं? मला आठवतं, कारण त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीसमोर भाऊ म्हणाला होता, "ताई, कोल्हापूरहून तिथवर जाता येतं." पॅरिसच्या वेळी हुबळीचे श्रीहर्ष देवरड्डी माझ्याच एसएच-2 गटात उतरले, तेव्हा तो रस्ता आणखी जवळचा वाटला. मी त्याच रस्त्यावर आहे, आणि त्यातला एक टप्पा तुम्ही पार करून दिलात.

सत्कारात हार घालणारे पुष्कळ असतात. स्टेजला उतार नसतो, म्हणून चौघे जण मला खुर्चीसकट उचलतात आणि टाळ्या वाजतात. त्यांचं मन वाईट असतं असं मी म्हणणार नाही. पण एकही हार मला त्या फिरवलेल्या स्टुलाएवढा वाटलेला नाही. आपल्याकडे अशी माणसं आहेत, आणि ती कुठल्याही पदावर नाहीत. म्हाताऱ्या बाईचं गाठोडं वर येईपर्यंत घंटी न वाजवणारा कंडक्टर असतो ना, तसली. कदाचित म्हणूनच तुम्हाला ते जमलं.

परतीच्या प्रवासात मी विचारलं होतं, स्टूल का फिरवलंत? तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलात. मग म्हणालात, "काल पोरीच्या मॅचला मी मागे उभा होतो. तिनं मध्येच वळून माझ्याकडं बघितलं. माझं तोंड पडलेलं असणार. त्याच्या पुढचाच शॉट तिचा गेला." एवढं बोलून तुम्ही गप्प झालात. आपल्या चेहऱ्यामुळे लेकीची मॅच गेली हे मनात घेऊन तुम्ही दुसऱ्या सकाळी माझ्यासाठी त्या बुटक्या स्टुलावर बसला होतात.

काका, हे पत्र ताईला विचारूनच लिहिते आहे. तुम्ही जे मला सांगितलंत ते मी तिला सांगितलं. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली की बाबांना हे लिहून कळव, माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना खोटं वाटेल. तिने तुमचा चेहरा पाहिलाच नव्हता. सकाळपासून तुम्ही उभे होतात, आणि तुमच्या गुडघ्यासाठी कुणी खुर्ची दिली की नाही, ते बघायला ती वळली होती.

तुमची,
धाकटी लेक