शेंद्रे फाट्यावरच्या दादांचे आभार

मे महिन्यातली दुपार. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पुण्याहून सांगलीला निघालो होतो. खंबाटकी चढतानाच एसी गरम वारा फेकायला लागला. पुढे हायवेला जरा गार, आनेवाडी टोलनाक्यावर थांबलो की पुन्हा भट्टी. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजात गॅस भरून घेतला होता. ते पैसे पाण्यात.

शेंद्रे फाट्याजवळ एका पत्र्याच्या शेडसमोर गाडी लावली. तिथल्या दादांनी गाडीआधी आईकडे बघितलं. स्वतःचा टेबलफॅन तिच्याकडे वळवला, माठातलं पाणी दिलं आणि मग बॉनेट उघडलं. "पळताना गार, थांबलं की गरम? मग गॅस न्हाई, म्होरचा फॅन फिरंना." एसीचा गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरचा पंखा खरंच गप्प होता. फ्यूज ठीक, पण पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच, म्हणजे रिले, जळला होता. त्यांनी हॉर्नचा रिले काढून तिथे बसवला, दोन्ही सारखेच निघाले. पंखा घरघरला.

"हॉर्न वाजणार न्हाई, बेतानं जावा. कराडात नवा घ्या."

पैसे विचारले तर हात पुसत म्हणाले, "रिले तुमचाच की!"

घाईत नाव विचारायचं राहिलं. दादा, आई सांगलीपर्यंत शांत झोपली. मनापासून आभार.