एजंटला काढलं, हे मला कोणी कळवलं?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ठिबक सिंचनाचे 64,000 रुपये घेऊन अर्धंच सामान दिल्याबाबत

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला सहावा फोन केला. आता फोन करणार नाही.

अडीच एकर वावरासाठी ठिबक घेतलं. 20 मार्चला 20 हजार आणि 14 एप्रिलला 44 हजार दिले. दोन्ही वेळा तुमच्या एजंटने माझ्या ओसरीवर बसून तुमच्याच छापील पुस्तकातली पावती फाडून दिली. 22 एप्रिलला लॅटरलची, म्हणजे पिकाच्या ओळीत अंथरायच्या नळ्यांची, बंडलं आली. फिल्टर, पाण्यातून खत सोडायची व्हेंचुरी, लॅटरलला पाणी पोचवणारे सबमेनचे पाइप आजवर नाहीत. मृगाआधी लावायची पऱ्हाटी (कपाशी) पावसाच्या भरवशावर लावावी लागली. काल गोठ्यातलं एक बंडल उलगडलं, तर उंदरांनी हात-हातभर अंतरावर कुरतडलेलं.

आज तुमचा माणूस म्हणाला, "20 हजार जमा आहेत, 44 हजार नाहीत. त्या एजंटला आम्ही 31 मार्चलाच काढलं. नंतर त्याने काय घेतलं ते आमच्याकडे नाही." मी विचारलं, काढलं हे मला कोणी सांगितलं? पावतीपुस्तक त्याच्याजवळ कसं राहिलं? तर म्हणे, "पैसे देण्याआधी तुम्ही कंपनीत फोन करायचा होता." मी म्हटलं, पावतीवर कंपनीचा शिक्का आहे. "काका, शिक्का कोणीही बनवतो. ज्याला पैसे दिले त्याला पकडा." मागे कोणीतरी हसलं. साठी गाठलेला माणूस घामाचे पैसे मागतो, त्यात हसण्यासारखं काय होतं? तो आवाज दिवसभर कानातून गेला नाही.

माझी मुलगी यवतमाळला वकिली शिकते. तिने 1872 चा भारतीय करार कायदा काढून वाचून दाखवला. कलम 208 प्रमाणे एजंटचे अधिकार काढले, तरी बाहेरच्या माणसाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरते ते संपत नाहीत. मला कोणीच कळवलं नाही. उलट 22 एप्रिलला माल तुमच्या गोडाऊनमधून निघाला, चलनावर माझं नाव होतं, आणि गाडीसोबत तोच एजंट उतरला. काढलेला माणूस तुमच्या गाडीत कसा?

कलम 237 सांगतं की एजंटला अधिकार आहे असा समज मालकाने आपल्या बोलण्या-वागण्याने करून दिला, तर मालक बांधला जातो. फेब्रुवारीत आमच्या ग्रामपंचायतीसमोर तुमच्या विभागीय अधिकाऱ्याने माइकवर सांगितलं होतं, "या भागात हाच आमचा माणूस, पैसे याच्याकडेच द्या." अर्धा गाव तिथे बसला होता. एजंटने स्वतःसाठी उसने मागितले असते, तर मी तुमच्या दारात आलो नसतो. त्याने तुमच्या मालाचे पैसे तुमच्या पावतीवर घेतले. तुमच्या कामात एजंटने केलेल्या फसवणुकीचा भार तुमच्यावरच येतो, असं कलम 238 म्हणतं. त्याला तुम्ही पकडा, तो तुमचा माणूस होता.

माझ्या वडिलांनी घेतलेले तुमचे तुषारचे पाइप अजून चालतात. त्या विश्वासावर मी दुसऱ्या कंपनीचा भावसुद्धा विचारला नाही. तो विश्वास तुम्ही मोडला, याचं दुःख पैशापेक्षा जास्त आहे.

15 दिवसांत उरलेलं सामान आणि कुरतडलेल्या लॅटरल बदलून द्या, नाहीतर पूर्ण 64,000 परत करा. नाहीतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. काढलं हे मला कोणी कळवलं, याचं उत्तर तिथे द्यावं लागेल.

दोन्ही पावत्या आणि चलनाची झेरॉक्स जोडली आहे. मूळ कागद माझ्या पेटीत आहेत, ते आयोगाशिवाय कोणाच्या हाती देणार नाही.

तुमचा ग्राहक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ