रद्द फेऱ्यांची आणि तोडायच्या झाडांची माहिती मागावी का लागावी?

प्रति,
संपादक महोदय,
स. न.

बस वेळेवर येत नसल्याच्या तक्रारी आणि रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या झाडांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. मात्र या दोन्हींची मूळ कागदपत्रे सामान्य नागरिकाला पाहायची असतील, तर त्याला किती खेटे घालावे लागतात, यावर क्वचितच लिहिले जाते. गेले आठ महिने मी आमच्या महानगरपालिकेकडे ही माहिती मागत आहे. त्याच अनुभवातून हे पत्र लिहीत आहे.

माझी मागणी साधी होती. आमच्या उपनगरातून रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या बसमार्गावर वेळापत्रकानुसार दररोज किती फेऱ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्यक्षात किती झाल्या, त्याच रस्त्याच्या रुंदीकरणात नेमकी कोणती झाडे जाणार आहेत आणि तेथील चौकातल्या हवामापन यंत्राच्या वर्षभराच्या नोंदी काय सांगतात, एवढेच मला हवे होते. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. म्हणून मी तीन स्वतंत्र अर्ज केले, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि आवक विभागातून पोच घेतली.

माहिती अधिकार कायद्यानुसार अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाशी संबंधित असल्यास तो पाच दिवसांत वर्ग करायचा असतो आणि एरवी तीस दिवसांत माहिती द्यायची असते. माझा बसविषयक अर्ज ‘परिवहन विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे’ असे पत्र मला मिळाले ते चौतिसाव्या दिवशी. झाडांबाबत ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. हवेच्या नोंदींबाबत काहीच आले नाही. प्रथम अपिलानंतर बसची माहिती ‘विस्तृत स्वरूपाची’ असल्याचे सांगून मला समक्ष येऊन अभिलेख पाहण्यास कळवण्यात आले.

मी गेले. नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांमधील अभिलेख पाहता यावेत, असा शासन निर्णय २०१८ साली निघालेला आहे. पण त्या कार्यालयातील दोघा कर्मचाऱ्यांना तो माहीत नव्हता. अखेर आगारातून मागवलेली फेऱ्यांची नोंदवही माझ्यासमोर ठेवण्यात आली. तिच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचे वर्तुळ होते आणि आतली पाने मात्र अतिशय नेटकी होती. प्रत्येक फेरीपुढे गाडी क्रमांक, चालक, वाहक, सुटण्याची वेळ, आणि फेरी रद्द झाली असेल तर लाल शाईत कारण लिहिलेले होते: ‘वाहक नाही’, ‘गाडी नादुरुस्त’, ‘गाडी उशिरा आली’. मी उघडलेल्या पहिल्याच पानावर चौदा फेऱ्यांपैकी पाच लाल होत्या, आणि त्यांपैकी दोन सकाळी आठ ते नऊच्या दरम्यानच्या, म्हणजे शाळा-महाविद्यालये आणि कार्यालये गाठण्याच्या वेळेतल्या होत्या. त्या वेळी थांब्यावर उभी राहून मी स्वतः रिक्षा केलेली आहे, त्यामुळे ती लाल शाई पाहताना मला फार वाईट वाटले.

ही नोंदवही पाहिल्यावर माझा प्रश्न बदलला. माहिती नाही, असे मुळीच नव्हते. कोणीतरी कर्मचारी ती रोज, फेरीगणिक, मन लावून लिहीत होता. कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने शक्य तितकी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता आपणहून प्रसिद्ध करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हा कायदा २००५ चा आहे. मग फेऱ्यांचा मार्गनिहाय मासिक तक्ता संकेतस्थळावर टाकायला अडचण कसली? आजकाल अनेक शहरांत बस ठेकेदाराच्या असतात आणि त्याला चाललेल्या किलोमीटरनुसार पैसे दिले जातात. आमच्या शहरातही तसेच आहे. या कराराची प्रत मी मागितली असता व्यापारी गोपनीयतेचे कारण देण्यात आले. सार्वजनिक पैशातून किलोमीटरचे बिल भागवले जाते, तर किती किलोमीटर धावले हे गुपित कसे असू शकते, हे मला समजलेले नाही. व्यापक जनहित असल्यास अशी माहितीही देता येते, हे त्याच कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलेले आहे.

झाडांच्या बाबतीत प्रकार अधिक दुःखद आहे. रस्त्याकडेच्या पिंपळ, वड आणि कडुनिंबांच्या खोडांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले आहेत आणि काहींवर नोटिसा चिकटवल्या आहेत. हरकतींसाठी सात दिवसांची मुदत असते. परंतु मी पाहिलेल्या कडुनिंबावरच्या नोटिशीवरील शाई पावसाने पसरली होती आणि तारखेचा आकडा वाचताच येत नव्हता. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानले जाते, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. साहजिकच प्रत्येक झाडाचे वय कोणी आणि कसे ठरवले, हा या यादीचा गाभा आहे. ती यादी ‘संकलित नाही’ असे उत्तर आले आहे. मग खोडांवर क्रमांक कोणी घातले?

हवेविषयी थोडक्यात लिहिते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत आणि आमचे शहर त्यांपैकी एक आहे. पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. चौकातला आकडे दाखवणारा फलक मात्र मी जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा बंद होता.

हे तीन अर्ज मी वेगवेगळे केले असले तरी विषय एकच आहे, हे मी आवर्जून नमूद करते. बस आली नाही की माणूस दुचाकी घेतो, दुचाकी वाढल्या की रस्ता अपुरा वाटतो, रस्ता रुंद करायचा म्हणून झाडे जातात आणि त्याच चौकातली हवा आणखी बिघडते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. अनेक महापालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता, तेव्हा या अहवालावर प्रश्न विचारणारे नगरसेवकच सभागृहात नव्हते. या अहवालात रद्द फेऱ्यांची संख्या, तोडलेल्या झाडांची वयांसह यादी आणि हवामापन यंत्राच्या नोंदी एकाच ठिकाणी यायला हव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

माझे दुसरे अपील राज्य माहिती आयोगापुढे प्रलंबित आहे. तोवर आपल्याला एक विनंती करते. यंदाच्या ३१ जुलैनंतर आपल्या वार्ताहराने महापालिकेत जाऊन हा अहवाल सादर झाला का आणि त्यात बसफेऱ्यांचे पान आहे का, याची चौकशी करून बातमी द्यावी. तीच चौकशी करायला मीही पुढच्या सोमवारी दुपारी ३ वाजता तेथे जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व नियमित बसप्रवासी