कूलरला खिडकी नसलेला 'स्टुडिओ'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची वरोऱ्याची, नोकरी नागपुरात मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, पगार 24 हजार. दीड महिन्यापासून एकटीपुरतं घर किरायानं शोधून राहिली. लय मोठं काही नको, एक खोली, ओटा आणि स्वतःचं बाथरूम, म्हणजे आपलं साधं वन आरके. अ‍ॅपवर त्याला आता स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात आणि नाव बदललं की किराया दोन हजारानं वाढतो, हे मला या दीड महिन्यात कळलं.

मनीष नगरातलं एक सांगते. फोटोत पांढऱ्याशुभ्र भिंती, पडदे, सगळं झकास. प्रत्यक्षात गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून टिनाची खोली, दुपारी दीडला गेली तर दाराच्या कडीचा चटका बसला. खिडकी एकच, तीही जिन्याकडे उघडणारी. मी विचारलं काकू कूलर कुठं लावायचा, बाहेरची हवा नाही मिळाली तर खोलीत नुसता दमटपणा होते. तर म्हणे टेबल फॅन घ्या ना, आणि कूलर लावलाच तर पाण्याचे 500 वेगळे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते आणि टेबल फॅन! किराया 8500, डिपॉझिट तीन महिन्यांचं, ब्रोकरला एक महिना, म्हणजे पहिल्या महिन्याचा किराया धरून राहायला जायच्या आधीच साडेबेचाळीस हजार, माझा पावणेदोन महिन्यांचा पगार. वरून लाइट बिल सबमीटरवर, युनिटला 12 रुपये.

खामला, त्रिमूर्ती नगर, जयताळा सगळं पालथं घातलं. पाटीवर फक्त 'टू-लेट' लिहिलेलं असते, अटी वरच्या मजल्यावर चढून गेल्यावर कळतात. फॅमिलीलाच देतो. नॉनव्हेज चालणार नाही. रात्री दहानंतर गेट बंद, आता माझी शिफ्टच साडेदहाला सुटते त्याला मी काय करू. बेसाकडे किराया जरा कमी आहे, पण खापरीपर्यंत मेट्रो असली तरी बेसातून मेट्रो गाठायलाच ऑटो लागतो, मग वाचलेले पैसे तिकडेच जातात.

पण खरी गंमत अ‍ॅग्रीमेंटची. सगळे म्हणतात 11 महिन्यांचं नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला. अहो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याच्या कलम 55 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, 11 महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड. खर्च म्हणाल तर माझ्यासारखीच्या घराला स्टॅम्प ड्युटी दोन-तीनशे आणि नोंदणी फी 1000, तेही घरबसल्या ऑनलाइन होते. मी अर्धा खर्च देते म्हटलं तरी एका काकांनी पाठ फिरवली. त्यांना किराया कॅशमध्येच पाहिजे होता, कारण वर्षाचा किराया लाखावर गेला की एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी मला त्यांचा पॅन नंबर ऑफिसात द्यावा लागतो.

घरमालकांची भीती मला समजते, पोरगी घर सोडणारच नाही तर काय. पण लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार केला असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायचा वेगळा, जलद मार्ग कलम 24 मध्ये त्यांच्यासाठीच ठेवला आहे ना. ज्या कागदाला घाबरून राहिले तोच त्यांच्या कामाचा आहे.

तुमच्या पेपरात टू-लेटच्या छोट्या जाहिराती येतात, त्यात किरायासोबत डिपॉझिट, लाइटचा रेट, गेटची वेळ आणि रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट हो की नाही एवढं छापायला लावा. निदान उन्हात चार जिने चढणं तरी वाचेल.

सध्या मैत्रिणीच्या रूमवर गादी टाकून झोपते. तिची घरमालकीण कालच विचारत होती, पाहुणी अजून किती दिवस आहे म्हणून.

आपली,
एक होऊ घातलेली भाडेकरू, नागपूर