रात्री न दिसणारे रेडियम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते, फोटो छापून येतात. मोहीम चांगलीच, पण ट्रॉलीला नेमकी कोणती पट्टी लावली, हे कोणी विचारत नाही. स्वस्तातले रेडियम दिवसा लालभडक दिसते. रात्री मागून येणाऱ्याला ते दिसेपर्यंत ट्रॉली अंगावर आलेली असते.

चांगल्या पट्टीत बारीक लोलक असतात. काटकोनात जुळलेल्या तीन बाजूंचा कोपरा प्रकाश आला त्याच वाटेने परत धाडतो. हे कोपरे मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढे. त्यासाठी हिऱ्याच्या टोकाने धातूवर खाचा पाडतात, त्यावरून निकेलचा साचा उतरवतात आणि तो रोलरवर किंवा फिरत्या अखंड पट्ट्यावर बसवतात. पट्टीचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, साधारण १५० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. त्याहून जास्त तापवलेली फिल्म साच्यावर दाबायची, साच्यातच थंड करायची, मग सोलायची. आणि हे सगळे न थांबता. खरी मेख थंड करण्यात आहे. वेगाच्या नादात फिल्म गरम असतानाच सोलली तर लोलकांच्या कडा गोलावतात. साचा लवकर फोडला की कास्टिंगचे काय होते, हे जाणणाऱ्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना ते वेगळे सांगायला नको. कोन जरासा हुकला तरी प्रकाश भलतीकडे जातो आणि दिवसा पट्टी मात्र झकास दिसते. (असे रोलर आपल्या उद्यमनगरात का बनू नयेत, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

लोलकांमागे धातूचा मुलामा नसेल तर प्रकाश परत फिरायला तिथे हवा लागते. त्यासाठी मागचा थर जाळीसारखा चिकटवून छोटे बंद कप्पे ठेवतात. पट्टी कशीही कापून गंजक्या पत्र्यावर ठोकून बसवली की कडेने पाणी शिरते आणि तेवढा भाग आंधळा होतो.

तेव्हा कारखान्यांनी वाहतुकीचा करार करतानाच ‘एआयएस ०९०’ या वाहनांवरच्या परावर्तक पट्ट्यांच्या भारतीय मानकाची पट्टी बंधनकारक करावी. पुढे पांढरी, मागे लाल. परिवहन विभागाने तपासणी अंधार पडल्यावर, हेडलाइटच्या उजेडात करावी. आणि कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या नंबरसाठी तासन्‌तास उभ्या असतात, तेवढ्यात चिखलाने माखलेल्या पट्टीवर ओले फडके मारायला एक माणूस ठेवला तरी पुरे.

– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर