हॅलोजन बंद केल्याशिवाय भूत दिसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, मंडया (गावोगावच्या जत्रा) भरतात आणि त्यांच्या समित्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास निघतं: आपल्या गावात वेगळा सिनेमा चालत नाही. भुताचा लावला तर पोरं हसतात, संथ लावला तर बाया उठून जातात. हे आम्हाला मान्य नाही. हीच माणसं वडशाच्या कंपन्यांची नाटकं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बघतात, तेव्हा धीर कमी पडतो असं म्हणायला जागा नाही. सिनेमा दिसत नाही आणि ऐकू येत नाही, म्हणून ती उठतात.

भयपट हा बहुतांशी काळोखाचा खेळ. प्रोजेक्टर मात्र काळा रंग फेकूच शकत नाही. तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावरचं काळं म्हणजे जिथे उजेड पडलेला नाही तो कापडाचा भाग, आणि त्या भागावर पेंडालातल्या ट्यूबलाइटचा, पानठेल्याच्या बल्बचा किंवा ग्रामपंचायतीच्या खांबाचा उजेड पडला की काळ्याचं राखाडी होतं. मारामारीच्या सिनेमाचं त्यात फारसं बिघडत नाही. ‘तुंबाड’सारख्या, पावसात आणि कंदिलाच्या उजेडात घडणाऱ्या सिनेमाचं सगळंच बिघडतं. कोपऱ्यातलं जे दिसायला हवं ते दिसत नाही, नुसता धुरकट पडदा दिसतो आणि मग पोरं हसतात. त्यांचं चुकत नाही.

म्हणून पहिलं काम उजेड मारण्याचं. खांबावरचा दिवा दोन तास बंद ठेवायला लाइनमनला आधी सांगून ठेवा. पेंडालाच्या तिन्ही बाजूंना कनात लावा, ठेले पडद्याच्या पाठीमागे लावायला सांगा, म्हणजे त्यांचा उजेड पडद्याच्या पुढच्या अंगावर येणार नाही. पडद्याच्या मागून मात्र काळं कापड हवंच, नाहीतर तोच उजेड आरपार येतो. येण्याजाण्याच्या वाटेवर दिवे जमिनीलगत आणि खाली तोंड करून लावले तर कुणी अडखळत नाही आणि पडदाही वाचतो.

तारीख धरताना चंद्र बघा. कालनिर्णयात संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतोच. संकष्टीनंतर रोज तो साधारण पाऊण ते एक तासाने पुढे सरकतो. म्हणजे संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू करून अमावास्येनंतरच्या द्वितीयेपर्यंत संध्याकाळी पावणेसात ते नऊ हा वेळ जवळजवळ पूर्ण अंधाराचा मिळतो. अमावास्येला भुताचा सिनेमा लावला म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला हे तांत्रिक कारण सांगावं.

आता प्रोजेक्टर. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांवर आठ-नऊ हजार ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. त्या डब्यांचा खरा आकडा बहुतेकदा काही शेच निघतो. हिशेब सोपा आहे: अंधारात दर चौरस फुटाला १४ ते १६ ल्युमेन लागतात. बारा फूट रुंद पडदा पावणेसात फूट उंच, म्हणजे ८१ चौरस फूट, त्याला साधारण १,३०० ल्युमेन. सोळा फूट रुंद पडदा नऊ फूट उंच, म्हणजे १४४ चौरस फूट, त्याला २,३०० पर्यंत. पण हा उजेड ‘सिनेमा’ मोडमधला हवा. कागदावरचा आकडा सर्वांत भडक, हिरवट मोडचा असतो आणि ‘सिनेमा’ मोडमध्ये त्याचा निम्मा ते दोन तृतीयांशच उरतो. म्हणून सोळा फुटांना ३,५०० ते ४,००० चं यंत्र घ्या. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे असं यंत्र तालुक्याला भाड्याने मिळतं. त्यावर ‘थ्रो रेशो’ (यंत्राचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या किती पट) दीड लिहिला असेल तर सोळा फुटी पडद्यासाठी ते २४ फुटांवर ठेवावं लागेल. ती जागा सतरंज्या अंथरण्याआधी आखून घ्या.

चित्र काळपट वाटलं की ऑपरेटर ब्राइटनेस वाढवतो. त्याने काळोख उजळतो, चेहरे उजळत नाहीत. बदलायचा तो गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजेड: २.४ वर असेल तर २.२ किंवा २.० वर आणा. त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा, कारण निम्म्या तक्रारी इथेच असतात. लॅपटॉप एचडीएमआयमधून ‘फुल रेंज’ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पूर्ण पट्टी) पाठवतो आणि प्रोजेक्टर ‘लिमिटेड’ समजून बसतो. मग सावल्यांतलं सगळं एका काळ्या डागात गडप होतं. उलट झालं तर सगळं पांढुरकं दिसतं. दोन्हीकडे एकच रेंज ठेवली की यंत्र न बदलता चित्र सुधारतं.

पडद्याला पांढरा मांजरपाट दुहेरी शिवून घ्या. शिवण मधोमध येऊ देऊ नका. बांबूच्या किंवा जीआय पाइपच्या चौकटीला तो सुतळीने करकचून बांधला तर वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि चौकटीसकट कलंडतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी दर फुटावर ताणून बांधा. झुळूक आली की पडदा मागे जातो आणि परत येतो. चौकटीला मागे-पुढे दोन्हीकडून ताण द्या. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फूट तरी वर हवी. सतरंजीवर बसलेल्यांसमोरही लहान पोरं उभी राहतातच, आणि सबटायटल नेमकी तिथेच येतात. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा मागे नको, म्हणजे नऊ फुटांना ५४ फूट. माणशी सहा चौरस फूट धरले तर सव्वादोनशे माणसं आरामात बसतात.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण भीती डोळ्यांपेक्षा कानांतून येते. साऊंडवाल्याला भोंगे बांधू देऊ नका. भोंगा तीन-चारशे हर्ट्झच्या खाली काही वाजवतच नाही आणि भयपटातली घरघर, पावलं, दाराचा दणका यांचा जोर बराचसा त्याच्या खालीच असतो. दोन चांगले टॉप (संवादाचे स्पीकर) आणि एक बेस (खालच्या आवाजाचा) पुरे. डीजेची भिंत नको. पेंडालाच्या मागच्या टोकालाही स्पीकर बांधायची सवय आहे, ती मोडा. तारेतून आवाज तिथे लगेच पोहोचतो आणि पुढच्या स्पीकरचा हवेतून दर मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणून मागच्यांना प्रत्येक संवाद दुहेरी ऐकू येतो. मागे स्पीकर हवेच असतील तर मिक्सरवर त्या हिशेबाने डिले, म्हणजे तेवढा उशीर, द्या.

संगीत दणदणीत आणि संवाद गायब, ही तक्रार आली तर फाइल ५.१ ची, म्हणजे सहा चॅनलची, आहे असं समजा. संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात. दोनच तारा जोडल्या तर तो चॅनल कुठेच जात नाही. प्लेअरमध्ये आवाज ‘स्टिरिओ’ करा. घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा मध्ये डीआय बॉक्स (घूं तोडणारी छोटी डबी) घाला. ‘हॅलो हॅलो माइक टेस्टिंग’साठी लावलेला इको बंद करा. तो तसाच राहिला की पडद्यावरचं प्रत्येक पात्र विहिरीतून बोलतं. आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं: संवाद मागच्या रांगेत नीट ऐकू येतील एवढी पातळी ठरवून मिक्सरच्या फेडरला (आवाजाच्या सरकत्या बटणाला) चिकटपट्टी मारा. शांत प्रसंग आला की ऑपरेटरला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, तो वाढवतो आणि पुढच्याच क्षणी दणका येऊन अॅम्प्लिफायर फाटतो. दिग्दर्शकाने ती शांतता मुद्दाम ठेवलेली असते.

जनरेटर या शांततेचा वैरी. अंतर दुप्पट केलं की उघड्यावर त्याचा आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून दीड-दोनशे फूट लांब, एखाद्या भिंतीच्या किंवा तणसाच्या ढिगाच्या आड ठेवा. पण तणसापासून ठिणगीचं अंतर राखून. संध्याकाळी वीज असली तरी व्होल्टेज खालीवर होतं. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर असू द्या. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर पंखा थांबतो, दिवा गरमच राहतो आणि आयुष्य गमावतो. शिवाय थंड होईपर्यंत परत पेटत नाही आणि तेवढ्यात अर्धा पेंडाल रिकामा होतो. बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठाला रात्री दव पडतं, तारांचे जोड जमिनीवर ठेवू नका, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) लावा.

दाखवायचं काय? ‘स्थळ’पासून सुरुवात करा. जयंत सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यात, गावातल्याच माणसांना घेऊन केला आणि २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. त्यातली भीती पोहे घेऊन बाहेर येणाऱ्या मुलीची आहे, भुताची नाही. नंतर ‘लपाछपी’ लावा: उसाचा फड, एक घर, मोजकी पात्रं आणि मुली मारण्याच्या प्रथेतून आलेली भुतं. त्याच्या दिग्दर्शकाने, विशाल फुरिया यांनी, २०२१ मध्ये त्याचा हिंदी ‘छोरी’ केला. कमी पैशांचा सिनेमा आणि भयपट यांचं इतकं जमतं त्याचं कारणही इथे दिसतं. महागड्या सेटची उणीव अंधार झाकतो आणि मोठ्या नटांवाचून अडत नाही. जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये केला. चित्र कृष्णधवल असल्याने रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चालून गेलं. वितरकाने नाव बदलताना कॉपीराइटची ओळ प्रिंटवरून गाळली आणि अमेरिकेत तो कुणाच्याच मालकीचा उरला नाही.

झाडीपट्टीला खास शोभेल असा खेळ मात्र जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या पिशाच्चपटाचा. मूकपट आहे. नाटक कंपनीचा ऑर्गनवाला आणि तबलजी बसवा, पाट्या मराठीतून मोठ्याने वाचायला एक खणखणीत आवाजाचा नट घ्या. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे मूळ चित्राचा प्रश्न नाही. पण नव्या प्रतीला जोडलेलं संगीत नवं असू शकतं, म्हणून तो ट्रॅक बंदच ठेवा.

परवानगीचं सांगायला हवं. घरच्या ओटीटी वर्गणीवर गावाला सिनेमा दाखवता येत नाही. निर्मात्याला तारीख, गाव, अंदाजे प्रेक्षक, तिकीट आहे की नाही हे लिहून लेखी परवानगी मागा. छोटे निर्माते बरेचदा उत्तर देतात. कॉपीराइट संपला तरी जाहीर खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच. सभासदांपुरते खेळ करणाऱ्या फिल्म सोसायटीची वाट वेगळी. ‘तुंबाड’ला ‘ए’ प्रमाणपत्र आहे, म्हणून तो उघड्या पेंडालात नको. तिथे पोरं सर्वांत आधी पोतं अंथरून बसलेली असतात, त्यांना कोण उठवणार? तो बंद सभागृहात, दारावर वय बघून लावा. जागेसाठी जिल्हाधिकारी कार्यालय आणि ग्रामपंचायत, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाणे. रात्री दहाला आवाज बंद करावाच लागतो, म्हणून पावणेसातची वेळ. नाटकाच्या आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी पेंडाल उभा असतो; ती रात्र सिनेमाला द्यावी, एवढीच समित्यांना विनंती.

अशा सिनेमांनी अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्याच पानांवर येतात आणि राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. म्हणून गावातली एकटी म्हातारी चेटकीण निघते आणि तिला मारल्यावर टाळ्या पडतात, असा सिनेमा निवडू नका. फलकावर ‘सत्यघटनेवर आधारित’ छापू नका. खेळ संपल्यावर दहा मिनिटं थांबून आवाज कसा केला, मुखवटा कसा बनवला हे कुणी समजावलं तर पोरं ते भुतापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

परभाषेतला सिनेमा असेल तर मराठी सबटायटल चित्रातच कायमची उमटवून घ्या. वेगळी फाइल दिली की कित्येक प्लेअर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटून टाकतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं, पांढरी आणि काळ्या कडेची. भाषा बोलण्यातली ठेवा. भीतीने पळणारं पात्र ‘कृपया मजला वाचवा’ म्हणालं तर पुन्हा हसूच येईल.

चाचणी आदल्या संध्याकाळी पूर्ण अंधार पडल्यावर घ्या. दुपारी चारला पडदा बघून काही कळत नाही. सुरुवातीची नावं बघून समाधान मानू नका. सिनेमातला सर्वांत काळोखा आणि सर्वांत हळू आवाजातला प्रसंग शोधून लावा आणि समितीच्या अध्यक्षांना सर्वांत मागच्या सतरंजीवर बसवा. पडद्यावर कोण उभं आहे आणि काय पुटपुटलं, हे त्यांना सांगता आलं तरच दुसऱ्या दिवशी दवंडी द्या.

आपले,
झाडीपट्टीतले काही चित्रपटप्रेमी
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर